पेडणेकरांचं पाणी

पेडणेकर सरांकडे काहीही मागा, पहिलं उत्तर ठरलेलं: "नाय." टाचणी आहे का? नाय. कालचा पेपर आहे का? नाय. डब्यात काय आणलंय? "काय नाय, असांच काहीतरी." आणि डबा उघडला की आत सुरमईच्या तुकड्या, बाजूला सोलकढीची बाटली. त्यातली मोठी तुकडी बिनबोभाट समोरच्याच्या झाकणात जायची. टाचणीही मिळायची, पेपरही मिळायचा, पण आधी 'नाय' ऐकून घ्यावं लागायचं. एकदा बाहेरगावच्या एका अधिकाऱ्याने गप्पांच्या ओघात विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" सर म्हणाले, "दोन." मग मी बघतेय हे लक्षात येऊन ओशाळले आणि म्हणाले, "म्हणजे तशी तीन आहेत."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्या कचेरीत रुजू झाले. कचेरी मुलुंडला, काम धरणांच्या पाण्याचं नियोजन करण्याचं. तोवर तिथे बाई म्हणजे टायपिस्ट. इंजिनिअर बाई हा प्रकार त्या लोकांनी पाहिलाच नव्हता, त्यामुळे चुकीचं पार्सल येऊन पडावं तसे सगळे माझ्याकडे बघत होते. पेडणेकर सर माझे वरिष्ठ. त्यांच्या टेबलापुढे उभी राहून मी विचारलं, "सर, मी कुठे बसू?"

"जागा नाय."

माझं डोकंच फिरलं. मी जन्माची फटकळ. म्हटलं, "मग काय, उभ्याने नोकरी करू?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, उठले आणि नकाशांच्या कपाटामागून एक चांगली वेताची खुर्ची ओढून काढली. "राखून ठेवलेली," म्हणाले. "उघड्यार ठेवली तर हे लोक पळवतत." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक किल्ली ठेवली. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह तिथे नव्हतं आणि मला ते कुणाला विचारायची सोय नव्हती. सर्व्हेच्या सामानाच्या खोलीमागे एक बंद पडलेलं होतं, ते सरांनी सकाळी लवकर येऊन, उभं राहून धुऊन घेतलं होतं. माझ्याशी एकटीशी बोलताना ते मालवणीवर यायचे. "कोणाक सांगू नको गो बाय," म्हणाले. "आसा म्हटलां की संपता."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आहे असं सांगितलं की ते संपतं. घरीही तेच. त्यांच्या पत्नीला आम्ही माई म्हणायचो. मुलुंड पूर्वेला त्यांची दोन खोल्यांची जागा होती आणि माई मला हक्काने जेवायला बोलवायच्या. "मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, नोकरी पक्की ना?" माई सांगायच्या. "तर हे म्हणाले, पक्की नाही. हे गेल्यावर माझ्या आईने रडून गोंधळ घातला. नंतर कळलं की सरकारी आहे आणि वर पेन्शनही आहे!" सर ताटातून मान वर न काढता म्हणायचे, "मगे? आता तक्रार आसा?"

आता आमचं काम सांगते, कारण त्याशिवाय हा माणूस कळणार नाही. आमच्या खात्याच्या ताब्यात डोंगरातला एक मोठा तलाव होता. त्याला इथे धामणवेल म्हणू. धामणवेलच्या पाण्याला दोन वाटा होत्या. एका वाटेने ते शुद्धीकरण केंद्रात जायचं आणि तिथून भांडुप, मुलुंड, घाटकोपरच्या नळांना यायचं. दुसऱ्या वाटेने ते खाली वीजघरात उतरायचं, जनित्रं फिरवायचं आणि मग नदीतून खाडीला मिळायचं. वीजघरात उतरलेलं पाणी पुन्हा नळाला येत नाही, एवढं लक्षात ठेवा. आमची सगळी भांडणं तिथूनच सुरू व्हायची.

ऑक्टोबरात पाऊस आटोपला की वर्षाचा आराखडा व्हायचा. तलावात आज इतकं आहे, पुढच्या पावसापर्यंत पुरवायचंय, तर नळाला किती आणि विजेला किती. नळवाले वाढवून मागायचे. वीजवाले त्याहून वाढवून मागायचे. मागणी कापली जाणार हे दोघांनाही ठाऊक असायचं. आणि सर बाष्पीभवन वाढवून धरायचे. उन्हाने तलावातलं किती पाणी उडून जाणार, हा हिशोब त्यांच्या हातात होता, आणि कागदावर ते असं ऊन पाडायचे की राजस्थानातही पडत नसेल. तेवढं पाणी वाटपाच्या बाहेर राहायचं, तलावात पडून राहायचं.

मग मे महिना उजाडायचा. नळवाले घाबरलेले, वीजवाले घाबरलेले, वरून फोनवर फोन. अशा वेळी बैठकीत सर घसा खाकरून म्हणायचे, "यंदा ऊन जरा कमीच पडलं. थोडं पाणी निघेल." सगळे खो खो हसायचे. कचेरीत त्या पाण्याला नावच पडलं होतं, पेडणेकरांचं पाणी. वीजघराचे मेनन नावाचे एक अधिकारी बैठकीला यायचे, ते हात जोडून म्हणायचे, "पेडणेकरसाब, आप तो हमारा फिक्स्ड डिपॉझिट हो!" सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कागदावर कुणालाच काही माहीत नव्हतं.

मी नवी होते, मला राहवेना. विचारलं, "सर, हे खोटं नाही का?"

"खोटां कसां? पाणी तलावातच आसा. मी खाल्लंय काय?" आधी त्यांनी थट्टेवारी नेलं. मग थोड्या वेळाने पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "ह्या लोकांच्या हातात आकडो दिलो ना, तर ते आकडो खर्च करतत. पाणी मगे आपोआप खर्च होता."

पण त्यांना त्याचा अभिमान नव्हता. मे महिन्यातल्या त्या बैठकीनंतर लोक पाठ थोपटायचे आणि सर दिवसभर घुम्यासारखे बसायचे. एकदा म्हणाले, "पाकीटमार खिशातसून काढता, मी खिशात घालतंय. पण हात तो चोरट्याचोच." इंजिनिअरिंगला ते मालवणातून आले, तालुक्यात पहिले आले होते असं माईंकडून कळलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही, उघडच आहे.

मग राजाध्यक्षसाहेब आले. आमचे नवे मुख्य. परदेशात प्रशिक्षण घेतलेले, बोलणं मऊ, इस्त्री कडक. त्यांनी कचेरीत पहिला कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी एसीची खोली झाली आणि आम्ही देवळात जावं तसे चपला बाहेर काढून आत जायला लागलो. पहिल्या सप्टेंबरातच त्यांनी सरांना बोलावून घेतलं. फायली घेऊन मीही सोबत होते.

"पेडणेकर, मी जुने आराखडे बघितले," साहेब म्हणाले. "बाष्पीभवनात तुम्ही दरवर्षी पाणी दडवता."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. 

"मी रागावलो नाही. तुमच्यासारख्या माणसाला हे करावं लागतं, ही या खात्याची लाज आहे. यंदा मला खरा आकडा द्या. एक थेंब मागे ठेवू नका. तुम्ही जे लिहाल ते मी पाळीन. माझा शब्द समजा."

सर बाहेर आले ते थेट जिन्यात जाऊन उभे राहिले. मला वाटलं, बरं वाटत नाही की काय. पाणी आणून दिलं, ते हातातच धरून म्हणाले, "बाय, इतक्या वर्षांत माका कोणी खरां मागलांच नाय गो."  पन्नाशी उलटलेला माणूस, आणि पहिल्यांदा कुणीतरी विश्वास टाकला म्हणून जिन्यात उभं राहून डोळे पुसतोय. साहेबांच्या त्या शब्दाची किंमत मला तेव्हा कळली. साहेबांना ती कधीच कळली नाही.

त्यानंतर पेडणेकर सर बदलूनच गेले. कचेरीतून हलायचा कंटाळा करणारा माणूस धामणवेलला जाऊन राहिला. तिथे धरणावर बाष्पीभवन मोजायचं एक पत्र्याचं पसरट पात्र असतं. त्यात पाणी भरून ठेवायचं आणि उन्हाने किती उतरलं ते रोज मोजायचं. सरांनी पाहिलं तर कावळे येऊन त्यातलं पाणी पीत होते. "कावळ्यान पियालेलां उन्हाच्या नावार कित्याक घालूचां?" म्हणत त्यांनी समोर बसून पात्रावर जाळी ठोकून घेतली. जुनी मोजमापं पुन्हा तपासली, तलावाच्या तळाचा गाळ किती वाढला तेही पाहिलं. संध्याकाळी एसीच्या खोलीत बसून माझ्याकडून कॉम्प्युटरवर आकडेमोड करून घेताना ते चक्क गुणगुणायचे.

त्या वर्षी पाऊस सप्टेंबरात लवकर आटोपला होता. तलाव भरला नव्हता. आराखडा काटेकोर पाळला तर पाणी पुढच्या पावसापर्यंत जेमतेम पोचणार होतं. मोडला तर नाही. मी भीत भीत म्हटलं, "सर, नेमकं यंदाच कशाला? थोडं राखा ना. पुढच्या वर्षी बघा खऱ्याचं."

"कमी आसा तेव्हाच खऱ्याची परीक्षा गो. भरपूर आसताना काय, कोणय खरां बोलात."

ऑक्टोबरच्या बैठकीत सरांनी आराखडा वाचला. शेवटी कागद खाली ठेवले आणि शुद्ध मराठीत, मोठ्याने म्हणाले, "यात मी काहीही मागे ठेवलेलं नाही. आहे ते सगळं वाटलेलं आहे."

 मग मेनननी डोळा मारला आणि सगळ्या खोलीत हशा पिकला. राजाध्यक्षसाहेबही हसले. सर बावळटासारखे इकडेतिकडे बघत स्वतःही हसले. त्यांना वाटलं, लोकांना आनंद झालाय.

डिसेंबरात दुसरीकडचं एक मोठं वीजकेंद्र दुरुस्तीसाठी बंद झालं. संध्याकाळच्या वेळी विजेची बोंब सुरू झाली. कारखानदार ओरडायला लागले, वरून साहेबांवर दाब आला, आणि साहेबांनी धामणवेलच्या वीजघराला आराखड्याबाहेरचं पाणी सोडायला तोंडी परवानगी दिली. आधी थोडं, मग आणखी थोडं. आमच्या भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर तलाव किती असायला हवा ती निळी रेघ आणि खरा किती आहे ती तांबडी. जानेवारीत तांबडी निळीच्या खाली उतरली. सर तक्त्यासमोर उभे राहिले, मग मला म्हणाले, "चल."

साहेबांच्या खोलीत त्यांनी बसायलाही नकार दिला. "साहेब, वीजघर आराखड्याबाहेर चाललंय."

"तात्पुरतं आहे, पेडणेकर."

"गेलेलं पाणी तात्पुरतं जात नाही. ते परत कुठून आणणार?"

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज उतरवला. अगदी प्रेमाने म्हणाले, "आता आपल्यातच आहे हे. किती ठेवलंय?"

"काही नाही."

"तुम्ही नाहीच म्हणणार. मला माहीत होतं."

"साहेब, तुम्ही माझ्याकडे खरं मागितलंत!"

"मागितलं. आणि तुम्ही बरंचसं खरं दिलंत, त्याबद्दल मला तुमचं कौतुक आहे. पण इतक्या वर्षांची सवय एका बैठकीत सुटते का हो? मीही माणसं ओळखतो."

सरांचा चेहरा कोणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. "माझ्या बायकोची शपथ घेऊन सांगतो साहेब, एक थेंब नाही."

"घरच्यांना मध्ये आणू नका," साहेब म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवून शिपायाला चहा आणायला सांगितला.

'बरंचसं खरं'! तीस-पस्तीस वर्षं झाली, तो शब्द आठवला की अजून माझं रक्त तापतं. माणसाकडून खरं मागायचं, तो पोट फाडून देतो, आणि मग त्यातलं निम्मं तू खिशात ठेवलंच असशील असं हसून म्हणायचं. शिवी परवडली. शिवी देणारा निदान तुमच्याकडे बघून देतो.

सर हटले नाहीत. साहेबांना लेखी कळवलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रत्येक कागदावर 'पाहिलं' अशी सही होऊन तो परत आला. मग ते मेननना भेटायला वीजघरावर गेले. मी बरोबर होते. सरांचं हिंदी अगदीच मोडकं. "मेननसाब, इस साल कुछ भी नहीं है. सच बोलता मैं."

मेनन माणूस वाईट नव्हता. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात टाकला. "हर साल आप रोते हो, यार. मई में निकालोगे ना?"

"मई में तुम कीचड निकालेगा," सर म्हणाले. मेनन मनापासून हसले आणि आम्हाला वीजघराच्या कँटीनमध्ये इडली खाऊ घातली. सरांनी इडलीला हात लावला नाही.

मार्चअखेर नळांचं पाणी कापलं गेलं. एप्रिलमध्ये आणखी कापलं. मुलुंड-भांडुपच्या टेकडीवरच्या वस्त्यांत नळ नुसते फुसफुसायला लागले. टँकर आला की बायकांची झोंबाझोंबी. मी राहायचे नाहूरला, आमच्या इमारतीत सकाळी येणारं पाणी तळमजल्यावरच संपायचं. भांडुपच्या एका चाळीत लोकांनी नाइलाजाने जुन्या विहिरीचं पाणी वापरलं आणि पोरांना कावीळ झाली. एक मुलगी दगावली. सरांनी ते वर्तमानपत्रात वाचलं, पेपर घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि नेहमीप्रमाणे कामाला लागले. दुपारी डबा न उघडताच परत नेला.

आणि मग लोक त्यांच्या दाराशी यायला लागले. पेडणेकर पाण्याच्या खात्यात आहेत, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत. "काका, तुमच्याकडे तरी असेलच की." "वहिनी, एक हंडा द्या हो, कोणाला सांगत नाही." माई नाही म्हणायच्या आणि कुणाचाही विश्वास बसायचा नाही. एका रविवारी मी त्यांच्याकडे बसले असताना शेजारच्या दोघी आत शिरल्या, सरळ मोरीत गेल्या आणि त्यांनी पिंपावरचं झाकण उचललं. आत तळाला लोटाभर पाणी. माई म्हणाल्या, "माळाही बघा. पलंगाखाली बघा. सगळं बघून घ्या." दोघी खाली मान घालून गेल्या आणि माई पदराने तोंड झाकून रडल्या. "जन्मभर हे नाही नाही म्हणत राहिले," मला म्हणाल्या, "आता खरंच नाही, तर कोण ऐकणार गं?" सर गॅलरीत उभे होते. त्यांनी ऐकलं नसेल असं मला वाटत नाही.

मेच्या मध्यावर राजाध्यक्षसाहेब स्वतः चालत सरांच्या टेबलाशी आले. हे पूर्वी कधी घडलं नव्हतं. चेहरा पांढरा पडला होता. सगळ्या कचेरीसमोर म्हणाले, "पेडणेकर, पुरे झालं. तुमचं म्हणणं मला कळलं, मी चुकलो, हवं तर माफी मागतो. आता काढा पाणी."

मला वाटलं सर चिडतील. ते उलट कळवळून म्हणाले, "साहेब, असतं तर तुम्ही मागायची वाट बघितली असती का मी? पोरं आजारी पडलीत तिकडे."

साहेबांना तेव्हाही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आम्हा दोघांना जीपमध्ये घालून धामणवेलला घेऊन गेले. तलावाच्या जागी तडकलेली जमीन आणि मधोमध हिरवट डबकं. तराफ्यांवर पंप चढवून तळाचं पाणी उपसायचं काम चालू होतं. वास मारत होता. साहेब काठावर उभे राहिले, आणि मग त्यांनी तिथल्या कामगाराला विचारलं, "पलीकडे, त्या वळणामागे आणखी खोल आहे ना? तिकडे असेल." कामगाराने सरांकडे पाहिलं.  वळणामागेही आम्ही गेलो, चिखल तुडवत. तिथे एक मेलेली म्हैस होती. तेव्हा कुठे साहेब म्हणाले, "म्हणजे खरंच नव्हतं?"

"नव्हतं, साहेब."

 पाऊस जूनअखेरीस आला आणि वर्तमानपत्रं दुसऱ्या विषयाकडे वळली. पण एक मुलगी गेली होती, तेव्हा चौकशी ही व्हायलाच हवी होती. चौकशी समितीत तीन मोठे अधिकारी बसले. आराखड्याबाहेर पाणी सोडायचे हुकूम तोंडी होते. ते दिले होते की नव्हते हे कुणालाच नीट आठवेना. मी साक्षीला गेले, सगळं सांगितलं, कोणी काय म्हटलं ते शब्दन् शब्द. एक अधिकारी म्हणाले, "बाई, तुम्ही फार भावनेच्या भरात बोलताय." निष्कर्ष काय निघाला? नियोजन अधिकारी पेडणेकर यांनी खात्यातील प्रथेप्रमाणे बाष्पीभवनासाठी पुरेशी जादा तरतूद ठेवली नाही, त्यामुळे टंचाई ओढवली.

पुन्हा वाचा हवं तर. पाणी दडवलं नाही, म्हणून हा माणूस दोषी.

सरांची बदली जुन्या जमिनींच्या नकाशांच्या विभागात झाली. तळघरातली खोली, कामच नाही. राजाध्यक्षसाहेबांना बढती मिळाली. निरोपाच्या चहाला ते आले, सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." मी माझा कप तसाच ठेवला आणि उठून गेले. उद्धट म्हणाले लोक मला. म्हणू देत. सरांनी मात्र हात सोडवून घेतला नाही, नुसते उभे राहिले.

पुढच्या ऑक्टोबरात सरांची खुर्ची माझ्याकडे आली होती. आराखडा मी करायचा होता. मी ठरवून टाकलं होतं की खरा आकडा लिहायचा, आणि या वेळी पाळला नाही तर वर्तमानपत्रात जायचं, कोर्टात जायचं, जे होईल ते होईल. त्यांच्यासाठी एवढं तरी करायचंच. कागद घेऊन मी एका रविवारी त्यांच्या घरी गेले. त्यांना बरं वाटेल अशी माझी समजूत.

ते खूप वाळले होते. गॅलरीतल्या खुर्चीत बसून त्यांनी माझे आकडे तपासले, पेन्सिलीने एक-दोन ठिकाणी दुरुस्त केले. "बरोबर आसा. खरां एवढांच." मग पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता बाष्पीभवन वाढव."

"काय?"

"वाढव. मी धरी त्याच्यापेक्षा जास्त वाढव. आता तुझ्यार लपवल्याचो संशय घेतले, उपसतले, म्हणून जास्त होया."

"सर, तुम्ही सांगताय हे? तुम्ही? मग तुम्ही खरं बोललात ते काय चुकलं होतं?"

तोवर मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरातून माई धावत बाहेर आल्या. "चुकलां!" ते ओरडले. "खरां बोलूची हौस माझी होती गो, तहान माझी नव्हती! साहेबान शब्द मोडलो, मेननान पाणी उपसलां, सगळां कबूल. पण ही माणसां अशी आसत ह्यां माका आधी ठाऊक नव्हतां? वीस वर्षां ठाऊक होतां! ठाऊक आसान मी लोकांचां पाणी त्यांच्या शब्दार लावलंय. कित्याक? तर माका एकदा प्रामाणिक होऊचां होतां. आणि ती पोर..."  माईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मी म्हटलं, "सर, ती तुमच्यामुळे नाही गेली."

"तू लिही," ते म्हणाले. "माझ्यासमोर लिही."

मी लिहिलं. कागदावर खूप ऊन पाडलं. मे महिना आला, सगळे घाबरले, आणि बैठकीत मी घसा खाकरून म्हटलं की यंदा ऊन जरा कमी पडलं, थोडं पाणी निघेल. सगळे हसले. मेनन म्हणाले, "वा मॅडम, पेडणेकरसाब का नाम रखा आपने." पाणी सुटलं, नळ चालू राहिले, कुणाला कावीळ झाली नाही.

संध्याकाळी मी सरांकडे सांगायला गेले. "पुरलां?" त्यांनी विचारलं.

"पुरलं, सर. सगळ्यांना पुरलं."

त्यांनी मान हलवली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बराच वेळ बसले, माईंनी चहा दिला तो घेतला, पण त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर दोन वर्षांनी पेडणेकर सर वारले. दिवसकार्याला गर्दी होती, लोक हळहळत होते. मला रडू आलं नाही. माझं रडून झालं होतं, त्या मे महिन्यात, त्यांच्या घरून परतताना.